म्हस काळी येईना

[पडद्यावर: म्हशीचा फोटो]

हा फोटो जरा नीट बघा. ही म्हस आहे, कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरची, तेल लावून चकचकीत केलेली, काळीकुळकुळीत. म्हणजे प्रत्यक्षात काळीकुळकुळीत. फोटोत बघितलं तर कुणीतरी अंगाला राख फासून तिला कुंभमेळ्याला पाठवल्यासारखी दिसतीय. हा फोटो आमच्या पप्पांनी काढलाय आणि ह्या एका म्हशीपायी आमच्या घरात तीन आठवडे दुसरा विषय नव्हता.

मी म्हणजे ह्या व्हिडिओतला आवाज. पुण्या-मुंबईकडचे कोण बघत असाल तर आधीच सांगतो, मी पोरगी आहे, 'सांगतो', 'गेलो' ऐकून गोंधळू नका, कोल्हापुरात आम्ही अशाच बोलतो, आमची आईपण 'मी भाजी आणायला चाललो' म्हणते आणि कुणाला काही वाटत नाही.

[पडद्यावर: पप्पांचे हात, बोटांवर जुने व्रण]

पप्पांनी सगळी नोकरी उद्यमनगरात लेथवर काढली. टर्नर, म्हणजे मशीनवर लोखंड कातणारे, त्यात भोकं मारणारे. रिटायर झाल्यावर पहिला महिना बरा गेला, मग त्यांनी घरातल्या वस्तू खोलायला सुरुवात केली. कुकरचं हँडल, गेटच्या बिजागऱ्या, चांगला चालणारा मिक्सर. मिक्सर परत जोडल्यावर एक वॉशर शिल्लक राहिला, तो अजून देवघरात वाटीत आहे आणि मिक्सरपण अजून चालतोय, त्यामुळं तो कशाचा हे कुणालाच कळलेलं नाही. त्यात एक दिवस माझ्या कपाटातला कॅमेरा त्यांच्या हाताला लागला. मी दोन वर्षांपूर्वी हौसेनं सेकंडहँड घेतलेला, ऑटोवर ठेवून चार लग्नं काढली आणि मग मोबाईलच बरा म्हणून ठेवून दिलेला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि मागनं आवाज, "ह्यात फिरतंय काय काय ते बघू या की गं."

मी मीटिंग म्यूट करून ओरडलो, "पप्पा, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा."

तिथनं सुरू झालं सगळं.

पहिली अडचण अगदीच फालतू निघाली. पप्पा व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचे आणि म्हणायचे धुरकट दिसतंय. फोटो शार्प यायचा, पण त्यांना आतनं धुरकटच. मोतीबिंदू आला असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, आईनं लगेच डोळ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. आणि मला आदल्या रात्री व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीक चाक दिसलं, नखाएवढं. डायॉप्टर. ते फिरवलं की ज्याच्या त्याच्या डोळ्याच्या नंबराप्रमाणं आतलं चित्र स्पष्ट होतं, फोटोशी त्याचा काही संबंध नाही. आधीच्या मालकानं स्वतःच्या डोळ्याला सेट केलेलं, आम्ही तसंच वापरत बसलेलो. अपॉइंटमेंट कॅन्सल. तुमच्या घरात कुणी चष्मेवाला कॅमेरा हातात घेणार असेल तर सगळ्यात आधी हे चाक फिरवा.

[पडद्यावर: पिशवीच्या कागदावर पेनानं केलेलं गणित]

आता खरी गंमत. लेन्सच्या आतलं भोक किती उघडतंय ते सांगणारे एफ ५.६, एफ ८ हे नंबर मला कधीच कळले नव्हते, मी सरळ पाठ केलेले, नंबर लहान तर उजेड जास्त. पप्पांना पाठ करणं जमत नाही. "नंबर लहान आणि भोक मोठं? कशानं?" मी व्हिडिओ लावून दाखवला, त्यात लिहिलेलं की लेन्सची फोकल लेन्थ, म्हणजे लेन्सवर लिहिलेला १८, ५० असला मिलिमीटरचा आकडा, भागिले तो नंबर म्हणजे भोकाचा व्यास. एवढंच ऐकलं आणि पप्पांनी भडंगाची पिशवी फाडून त्यावर मांडायला सुरुवात केली. ५० ची लेन्स, एफ २, म्हणजे २५ मिलिमीटरचा बोअर, लेथवाल्यांच्या भाषेत भोक. एफ २.८ म्हणजे १८ ला जरा कमी. "मग हे २ नंतर ३ का नाही, २.८ कशाला?" असं मी विचारायच्या आत त्यांनीच वर्ग करून ठेवलेले. २५ चा वर्ग ६२५, तिकडं साधारण ३१९. निम्मं. म्हणजे दर पायरीला भोकाचं क्षेत्रफळ निम्मं होतंय, म्हणून १.४, २, २.८, ४, ५.६, ८ असले तिरपागडे आकडे. जन्मभर बोअर मारलेल्या माणसाला हे सांगायला यूट्यूब लागत नाही.

मग त्यांनी आमच्या कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स उलटी करून वाचली. १८-५५, ३.५-५.६. परत पेन. १८ भागिले ३.५, पाच मिलिमीटर. ५५ भागिले ५.६, जवळजवळ दहा. आणि गप्प बसले. चहा गार झाला. "अगं, झूम केल्यावर भोक दुप्पट झालं, आणि नंबर म्हणतोय उजेड कमी. काय तर चुकतंय." मला उत्तर येत नव्हतं हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पप्पा उठून बाहेर गेले, हौदाजवळ पडलेला पाइपाचा तुकडा घेऊन आले आणि त्यात बॅटरी मारून बघत बसले. मग म्हणाले, "खोल बोअरमध्ये उजेड टाकला की तळाला अंधारच राहतोय. भोक दुप्पट झालं पण १८ चं ५५, म्हणजे खोली तिप्पट झाली. बरोबर आहे त्यांचं." बरोबर आहे त्यांचं, म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्यांना पप्पांनी पास केलं.

[पडद्यावर: खरी कॉर्नर, कॅमेऱ्याचं स्मारक]

हे खरी कॉर्नर. आम्ही इथनं हजारवेळा गेलोय, पण इथं कॅमेऱ्याचं स्मारक का आहे हे कधी थांबून बघितलं नव्हतं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव, दोघं नाटकांचे पडदे रंगवणारे कोल्हापूरचे कलाकार. दोघांनी सिनेमा काढायचा ध्यास घेतला, आणि कॅमेरा नव्हता तर तो स्वतःच बनवायचा म्हणून मागं लागले. आनंदराव १९१६ ला गेले, काम अर्धवट. बाबूरावांनी मग विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तो पुरा केला, आणि १९२० ला 'सैरंध्री' आला. पप्पांना ह्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर बाबूरावांचं मूळ आडनाव. मेस्त्री. "बघ, मेस्त्रीच लागतोय शेवटी," असं म्हणून त्यांनी त्या दिवशी रस्त्यावर मधोमध उभं राहून स्मारकाचे सत्तावीस फोटो काढले, मागनं रिक्षावाले काय म्हणत होते ते आम्ही एडिटिंगमध्ये काढून टाकलंय.

तर म्हस.

गंगावेशीत पहाटे म्हशी आणतात, तुमच्यासमोर धार काढतात, आणि लोक तिथंच उभे राहून ग्लास तोंडाला लावतात. पैलवान येतात, आजारातनं उठलेले येतात, आणि आता कॅमेरा घेऊन पप्पापण यायला लागले. रोज साडेपाचला मला उठवायचे. पहिले दोन दिवस सगळं हललेलं, म्हस स्थिर आणि शेपटीच्या जागी नुसता धूर. मग शटरचा हिशोब कळला, ते १/१५, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग उघडं राहिलं तर शेपूट थांबत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती दाद देतो तो आकडा, वाढवला तर फोटोत रवा पडल्यासारखे दाणे. ते चालतंय म्हणाले, रवा चालतंय, पण म्हस काळी पाहिजे.

आणि ती काळी येईना. जितकी जवळनं काढू तितकी राखाडी. पप्पांना आधी वाटलं लेन्सला बुरशी आहे, मग वाटलं माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन खराब आहे. मी रात्री शोधत बसलो तेव्हा कळलं की कॅमेऱ्याच्या आतलं उजेड मोजणारं मीटर फार साध्या बुद्धीचं असतं. समोर काय आहे हे त्याला कळत नाही, ते धरून चालतं की जग सरासरी मध्यम राखाडी आहे. फ्रेमभर काळी म्हस आली की त्याला वाटतं अंधार आहे, उजेड वाढवतं, म्हस राखाडी. फ्रेमभर पांढरं आलं की त्याला वाटतं फार ऊन आहे, उजेड कमी करतं, पांढरंपण राखाडी. आम्ही घरी खात्री केली, आईनं रविवारी केलेल्या पांढऱ्या रश्शाचा वाटीभर जवळनं फोटो काढला, आणि आई तो फोटो बघून चिडली, "माझा रस्सा एवढा मळकट दिसतोय होय?" म्हटलो आई, तुझं काही चुकलेलं नाही, मशीनची चूक आहे. उजेड एक पायरी वाढवला, म्हणजे प्लस एक केल्यावर रस्सा पांढरा झाला. ताटं मात्र तोवर गार झालेली, त्याबद्दल अजून बोलणी खातोय.

शटरच्या बटणाजवळ अधिक-उणेचं एक बारीक बटण असतं. एवढंच. म्हशीला मायनस, रश्शाला प्लस. पप्पांनी हे एका कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवलंय, अक्षरशः एवढंच लिहिलंय, 'म्हस - , रस्सा +'. उद्या कुणाला ती बॅग सापडली तर त्याला वाटेल हॉटेलची ऑर्डर आहे.

आणि मायनस केल्यावर एका दगडात दोन पक्षी मेले, कारण कॅमेरा उजेड कमी घेतोय म्हणजे शटरपण पटकन मिटतंय, १/३० च्या जागी १/६०. शेपूट जरा तरी थांबली.

[पडद्यावर: जुनी ५० ची लेन्स, रिंग फिरताना आतली पाती]

मग ५० ची लेन्स घ्यायचं ठरलं, एफ १.८. आमच्या जुन्या लेन्सच्या ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड, हे पप्पांनी आधीच काढून ठेवलेलं. एकाकडनं जुनी, स्वस्तात मिळाली, घरी येऊन लावली तर ऑटोफोकसच होईना. चूक आमचीच. तसल्या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते, आणि आमच्या स्वस्तातल्या बॉडीत ती नाही. मी डोक्याला हात लावला. पप्पा मात्र खूश, कारण ह्या लेन्सवर एफ नंबरची रिंगच आहे. फिरवली की आतली पाती मिटताना डोळ्यांना दिसतात. त्यांनी ट्रंकेतनं बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला, काचेला न टेकवता वरनं धरला, रिंग ४ वर. "साडेबारा," म्हणाले. ५० भागिले ४. दोनदा परत मोजलं आणि व्हर्नियर पुसून डबीत ठेवला.

फोकस ते हातानंच करतात आता. मला आजपण नीट जमत नाही, मी फिरवतो, पुढं जातो, मागं येतो, तोवर म्हस निघून जाते. पप्पांचा हात एकदा फिरतो आणि थांबतो.

मध्ये आम्ही गुऱ्हाळावरपण जाऊन आलो, काहिलीवरची वाफ, खालनं चुलाणाचा लाल उजेड, तिथं मीटर पार येडं झालं. त्याचा वेगळा व्हिडिओ करू. रंकाळ्याचे सूर्यास्त मी मुद्दाम घेतलेले नाहीत, ते सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत.

[पडद्यावर: नवा फोटो. काळी म्हस, बादलीत पांढरा फेस]

हा तो फोटो. बादलीतला फेस पांढरा, म्हस काळी, डोळ्यात कट्ट्यावरच्या दिव्याचा एक ठिपका. पप्पांनी ह्याची मोठी प्रिंट काढून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी गवळीमामांना नेऊन दिली. त्यांनी हात धोतराला पुसले, प्रिंट दिव्याखाली धरली, बराच वेळ बघितली. आम्ही दोघं शाळेत निकाल लागायची वाट बघावी तसं उभं.

"झ्याक आलीया," मामा म्हणाले. "पर डावं शिंग कापलासा की वो तुम्ही."

बघितलं तर खरंच, शिंगाचं टोक फ्रेमच्या बाहेर. तीन आठवडे रंग बघत होतो, शिंग कुणी बघितलंच नाही.

पप्पांनी बॅगेतला कागद काढला, खिशातलं पेन काढलं, आणि 'म्हस - , रस्सा +' च्या खाली लिहिलं, 'शिंग'.