साठमार भिंतीआड गेल्यावर

मंडळी, आज इथं येताना दांडिया बाजारात एक मुलगा उलट्या दिशेनं बाइक घेऊन थेट माझ्या स्कूटरसमोर आला. मी करकचून ब्रेक दाबला, तो हसत निघून गेला. पण इथं खाली गाडी लावली तर किल्ली डिकीच्या कुलपात जाईना. बोटं थरथरत होती. जन्मभर भूल देण्याचं काम केलं, शिरेत सुई घालताना हात हलला नाही, आणि किल्ली जाईना! धोका टळून तीन-चार मिनिटं झाली होती.

लोक म्हणतात, अ‍ॅड्रिनॅलिन, म्हणजे धोक्यात अंगात सुटणारं रसायन, आलं म्हणून वाचलो. माझा ब्रेक काही त्यानं दाबला नाही. ते काम मेंदूचं आणि मज्जातंतूंचं; छातीत धस्स झालं तेही बहुतेक त्यांच्यामुळेच. अ‍ॅड्रिनॅलिनची वाट लांबची. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी, एकेक जेमतेम चार-पाच ग्रॅमची. तिथून ते रक्तात उतरणार, मग रक्ताबरोबर अंगभर फिरणार. त्यात काही सेकंद जातात. क्षणात संपणाऱ्या धोक्यात हे वरातीमागून घोडं.

धोका लांबला, तर मात्र हेच घोडं कामाला येतं. आपल्या बडोद्यातल्या पाणीगेटचा आगड, म्हणजे हत्तींच्या झुंजींचं मैदान, आठवा. गायकवाडांच्या काळी तिथं साठमारी चालायची. 1875 मध्ये इंग्लंडचा युवराज आला तेव्हा त्यालाही बडोद्यानं हत्तींच्या झुंजी दाखवल्या. साठमार चवताळलेल्या हत्तीला डिवचायचा आणि भिंतीतल्या अरुंद फटीतून पलीकडे सटकायचा. वर्तमानपत्रं आज ‘सत्तेची साठमारी’ लिहितात, त्यातल्या कोणाला असं पळावं लागत नाही, ते सोडा. तर या साठमाराच्या यकृतातली साखर रक्तात उतरत असणार, श्वासनलिका रुंदावलेल्या, रक्त पायांच्या स्नायूंकडे वळलेलं. ते आणायचं कुठून? कातडीतून आणि आतड्यांतून. म्हणून हातपाय गार पडतात. पोटात गोळा येतो त्यालाही आधार आहे. वॉल्टर कॅनन हा अमेरिकन शास्त्रज्ञ क्ष-किरणांखाली मांजराचं पोट पाहत होता. मांजर बिथरलं की पोटाची हालचाल थांबायची. ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना पुढे त्यानंच मांडली. तोंडचं पाणी पळतं, अंगावर काटा येतो. आपल्या आज्यांनी हे सगळं आधीच नोंदवून ठेवलंय. फक्त भीतीनं घेरी येऊन माणूस कोसळतो ते वेगळं. तिथं उलट नाडी मंदावते आणि रक्तदाब पडतो.

हे रसायन भीती आणि आनंद यांत फरक करत नाही. शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असतात तेव्हाही हेच, नवरात्रात गरब्याची लय चढते तेव्हाही हेच.

रक्तातलं अ‍ॅड्रिनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं. पण तेवढ्या वेळात स्नायूंना काम नसलं, तर ते नुसते थरथरतात. भिंतीआड उभा साठमारही थरथरत असेल, असं मला वाटतं. माझ्या किल्लीचं तेच झालं.

जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं 1901 च्या सुमारास अ‍ॅड्रिनॅलिन शुद्ध स्वरूपात मिळवलं, म्हणून आज ते आमच्या ट्रेमध्ये असतं. मधमाशी चावून कोणाचा घसा सुजला, रक्तदाब कोसळला, तर मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत, लगेच. काही मिनिटांत माणूस बोलायला लागतो. नातेवाईक म्हणतात, “डॉक्टरसाहेब, बरे झाले ना, मग नेतो घरी.” आम्ही नाही म्हणतो. औषध ओसरतं, आणि सूज कधी कधी काही तासांनी परत येते. तोवर खाटेवर पडून राहायचं, आणि बाहेर बाकावर बसलेल्यांनी चहा घ्यायचा.