पहिला नग

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये माझी बावीस वर्षं गेली. सध्या नवी मुलं निवडायचं काम माझ्याकडे आहे, त्याबद्दलच बोलतो.

पूर्वी मुलगा आला की आम्ही मार्कशीट बघायचो, ‘कुणाचा रे तू?’ विचारायचो आणि ओळख निघाली की घ्यायचो. आता फाईल बाजूला ठेवतो. त्याच्या हातात ड्रॉइंग, माप घ्यायचं व्हर्नियर आणि टर्निंग झालेला, म्हणजे लेथवर कातलेला, एक नग देतो. सांग बाळा, हा पास की रिजेक्ट? व्हर्नियरचा अल्पतमांक, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१, हे पोरांना पाठ असतं. पण ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, वाचून, व्हर्नियर खाली ठेवून ‘सर, मायक्रोमीटर मिळेल का?’ असं विचारणारा क्वचितच भेटतो. त्याचे मार्क मी बघतसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मागे रात्रपाळीला एका नव्या ऑपरेटरनं टूल बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे मशिनला द्यायचं टूलचं माप, चुकीचा भरला. पहिलाच नग मापात कमी निघाला. त्यानं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी ती मशिन, थांबवली आणि सुपरवायझरला उठवलं. नुकसान एका नगाचं. त्याआधी अशाच चुकीनंतर दुसरा एक मुलगा घाबरून गप्प बसला होता. सकाळी अख्खा लॉट भंगारात गेला. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. त्याचं मला आजही वाईट वाटतं. चूक झाली तर लगेच सांग, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. आता मुलाखतीत मी हमखास विचारतो, ‘तुझ्या हातून काय बिघडलं होतं? मग काय केलंस?’ या प्रश्नाला उत्तर देता येणं हेही कौशल्यच आहे.

एआयकडून लिहून घेतलेले अर्ज हल्ली ढिगानं येतात. सगळे एकसारखे. त्यापेक्षा स्वतःच्या चार साध्या ओळी लिहा. एक्सेल मात्र शिकाच, तपासणीचे रिपोर्ट आता त्यातच भरावे लागतात.

पालकांशीही थोडं बोलायचंय. अप्रेंटिस म्हणजे फुकट राबणं, असं गावाकडं अजून म्हणतात. तसं नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं विद्यावेतन देणं बंधनकारक आहे. आपल्याच जिल्ह्यात १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं कारखान्यात काम करता करताच कारागीर झाली. मुलगी असेल तरी पाठवा. आमच्या क्वालिटी विभागात मुली उत्तम काम करतात.

फक्त रुजू होताना एक बघा: अप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का? पहिल्याच दिवशी विचारा आणि त्याची प्रत घरी आणून ठेवा. नमस्कार.