काच पाणी पीत नाही, भिंत पिते

मित्रांनो, समोर बसलेल्यांपैकी बहुतेकजण काचा साफ करण्याच्या धंद्यात आहेत, त्यामुळे प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. काचा पुसून झाल्यावर गिऱ्हाईक वर बघतं आणि विचारतं, "काचा लख्ख झाल्या, पण त्यामुळे भिंत जास्तच हिरवी दिसायला लागली. तीही धुऊन द्याल का?" अशा वेळी हो म्हणायला काहीच अडचण दिसत नाही. पाणी आहे, नळी आहे, काचा धुवायचा लांब पोल आहे, माणूस ओळखीचा आहे आणि कामाचे पैसे काचांपेक्षा बरेच जास्त आहेत.

माझं म्हणणं, हे काम जरूर घ्या. पण काचेवर बसलेला हात घेऊन भिंतीकडे जाऊ नका. डाग कितीही चिकट असला तरी तो काचेच्या वर असतो, आत शिरत नाही. गिलाव्याचं तसं नाही. गिलावा सच्छिद्र असतो. त्याच्यावर पाणी मारलं की ते मुरतं, आणि पाण्यात जे विरघळलेलं असेल तेही सोबत मुरतं. आज घातलेलं रसायन उद्या भिंतीच्या पोटात असू शकतं. म्हणून या धंद्यातलं खरं कौशल्य धुण्यात नाही, धुण्याआधी भिंत ओळखण्यात आहे. आणि कोणती भिंत धुवायची नाही हे ठरवण्यात आहे.

शेवाळ भिंतीवर येतं ते ओलीमुळे. ओल, थोडा उजेड आणि चिकटून बसायला थोडीशी धूळ, एवढं त्याला पुरतं. म्हणून ऊन न पोचणारी बाजू आधी हिरवी होते. झाडाच्या सावलीतला कोपरा, गळक्या पन्हळीखालचा पट्टा, खिडकीच्या सिलच्या, म्हणजे खालच्या बाहेर आलेल्या कडेच्या, दोन टोकांखालचे काळे ओघळ, हे सगळं तुम्ही रोज बघता. ते ओघळ म्हणजे पाणी कुठून येतंय त्याचा नकाशाच आहे. पन्हळ गळत असेल तर गिऱ्हाइकाला आधी ती दुरुस्त करायला सांगा. नाहीतर तुम्ही धुतलेला पट्टा पुन्हा हिरवा होईल आणि बोल तुमच्या कामाला लागेल.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. बाहेरून उष्णतारोधक थर बसवून त्यावर पातळ गिलावा केलेल्या नव्या इमारती जुन्या जाड भिंतींपेक्षा लवकर हिरव्या पडतात. कारण असं की आतली ऊब त्या थराच्या आतच अडते. बाहेरचा पातळ पापुद्रा रात्री भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, त्यावर दव धरतं आणि सकाळी उशिरापर्यंत टिकतं. अशा गिलाव्यात किंवा रंगात शेवाळ रोखणारं औषध घातलेलं असतं, पण पावसाबरोबर ते थोडं थोडं वाहून जातं आणि काही वर्षांत त्याचा जोर ओसरतो. "नवी इमारत, मग बिल्डरने फसवलं का?" असं गिऱ्हाईक विचारतं. तेव्हा हे कारण शांतपणे समजावता आलं की विश्वास बसतो.

आता डागांकडे येऊ. हिरवा डाग बहुतेक वेळा शेवाळच असतो. काळा डाग शेवाळाच्या जातकुळीतल्या सूक्ष्म जिवांचा किंवा बुरशीचा असतो, कधी नुसता धूर आणि धूळ असते. सगळ्यात जास्त घोटाळा नारिंगी-तांबड्या डागात होतो. पाहणारा लगेच म्हणतो, गंज. पण ट्रेंटेपोलिया नावाचं एक शेवाळ आहे. जात हिरव्या शेवाळाची, पण अंगात गाजरासारखं नारिंगी रंगद्रव्य भरपूर, म्हणून ते भिंतीवर विटकरी दिसतं. गंज काढायला लोक आम्ल वापरतात, आणि सिमेंट किंवा चुन्याच्या गिलाव्यावर आम्ल पडलं की तो गिलावाच विरघळायला लागतो. म्हणजे डाग ओळखण्यात चूक झाली तर भिंत जाते.

मग ओळखायचं कसं? कापसाचा बोळा पातळ केलेल्या हायपोमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. हातमोजे घालून तो डागाच्या कडेला टेकवा आणि काही मिनिटं थांबा. डाग फिका पडायला लागला तर तो सजीव आहे. ढिम्म हलला नाही, तर गंज असू शकतो. वाळूतच लोहखनिजाचे कण असले की गिलाव्याच्या आतून तांबडे ठिपके फुटतात. ते धुऊन जाणार नाहीत, हे आधीच सांगून टाका.

पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर आले आणि पाणी वाळल्यावर मागे राहिले. लोण्यावर पाणी मारलं की क्षार पुन्हा विरघळून आत जातात आणि भिंत वाळली की पुन्हा फुलतात. कोरड्या, मऊ ब्रशने झाडा आणि ओल कुठून येते ते शोधायला सांगा. लोण्यावर हायपो मारणं म्हणजे मिठात मीठ घालणं, कारण हायपो विघटित झाल्यावर त्यातूनही मीठच उरतं. याच कारणासाठी जुन्या चुन्याच्या भिंतींवर मी हायपो वापरू देत नाही. चुना भरपूर पाणी पितो, म्हणजे मीठही भरपूर पितो, आणि पुढे ते मीठ आतून गिलावा फोडत राहतं. वारसा इमारत असेल तर ते काम त्या विषयातल्या जाणकारांकडे जाऊ द्या.

डाग कळला, आता भिंत. बोटांच्या पेरांनी किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. गिलावा भिंतीला धरून असेल तर आवाज भरीव येतो. सुटला असेल तर बद्द वाजतो, आणि बद्द वाजणाऱ्या जागी पाण्याचा झोत मारला तर पोपडा हातात येईल. मग तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला रंगाची पूड लागली तर रंग मरत चाललाय. तिथे शेवाळाबरोबर रंगही जाणार, हे बोलून घ्या. मग थोडं पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर भिंत सिलिकॉनसारख्या जलरोधक थराची आहे. पाणी टाकल्याबरोबर ओला गडद डाग पसरला तर ती तहानलेली आहे. दोन्हीकडे वागणूक वेगळी लागते. केसाएवढ्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीचा सुटलेला सीलंट, वायरसाठी पाडलेली आणि न बुजवलेली भोकं, या सगळ्यांचे जवळून फोटो काढा. सिमेंटचा नवा गिलावा निदान 28 दिवस तरी मुरू द्या, त्याआधी हात लावू नका.

प्रेशर वॉशरबद्दल माझं मत कडक आहे. गिलाव्यावर तो चालवू नका. घरगुती यंत्रसुद्धा 100 बारच्या पुढे दाब देतं. शेवाळ निघतं, दिसायला झकास दिसतं, पण त्याबरोबर गिलाव्याचा वरचा थरही सोलला जातो. खरखरीत झालेल्या भिंतीवर पुढचं शेवाळ आणखी घट्ट बसतं. भेगांमधून पाणी आत घुसतं ते वेगळंच. बागेच्या नळीएवढा दाब पुरतो. शेवाळ मारण्याचं काम रसायन करतं, पाणी फक्त मेलेलं वाहून नेतं.

हायपोचं गणित सगळ्यांना यायला हवं. समजा ड्रममधला माल 12 टक्क्यांचा आहे आणि भिंतीवर 2 टक्के हवाय. मग एक भाग हायपो, पाच भाग पाणी. 30 लिटर करायचं तर 5 लिटर हायपो आणि 25 लिटर पाणी. साध्या हिरव्या शेवाळाला 1 ते 2 टक्के पुरतं, जुनाट काळ्याला 3 पर्यंत जावं लागतं. पण ड्रमवर 12 लिहिलंय म्हणून आत 12 असतंच असं नाही. ऊन आणि उष्णता लागली की हायपो आपोआप मरतो. तापमान दहा अंशांनी वाढलं तर त्याचं विघटन दुपटीहून जास्त वेगाने होतं. उन्हात उभ्या गाडीत राहिलेला ड्रम 8 टक्क्यांवर आला असेल, तर त्याच मापाने तुमचं 30 लिटर जेमतेम 1.3 टक्के भरेल. मग तुम्ही म्हणाल, परवा चाललं ते आज का चालत नाही. लागेल तेवढाच आणा, सावलीत ठेवा, आणि झाकण वायू बाहेर पडू देणारं वापरा, कारण साठवणीत त्यातून वायू सुटतो.

आणि हे कोणीही विसरू नका: हायपो आणि आम्ल कधीही एकत्र येता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो फुफ्फुसं जाळतो. टाइल साफ करायचं आम्ल ज्या बादलीत होतं, त्या बादलीत हायपो ओतू नका. अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही त्याच्याजवळ नको. डोळ्यांना गॉगल, हातात लांब मोजे, आणि फवारणी करताना योग्य फिल्टरचा मास्क. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही.

काम सुरू करताना आधी खालची झाडं भरपूर भिजवा, मधेही भिजवत राहा आणि शेवटी पुन्हा धुवा. पाण्याने भरलेलं पान आणि ओली माती रसायन कमी घेते. भिंतही साध्या पाण्याने ओली करा, म्हणजे तिची तहान आधी भागेल आणि हायपो खोल जाणार नाही. मग फवारणी खालून वर करा. काचेवर तुमचा हात वरून खाली जातो, त्यामुळे हे जड जाईल. पण अजून न फवारलेल्या भागावर वरून ओघळ उतरले तर त्यांचे पट्टे उमटतात आणि मग ते निघता निघत नाहीत. दहा ते वीस मिनिटं थांबा, भिंत वाळू देऊ नका, आणि धुताना मात्र वरून खाली भरपूर पाणी सोडा. तापलेल्या भिंतीवर किंवा भर उन्हात हे काम करूच नका. पहिल्यांदा नेहमी एका आडोशाच्या कोपऱ्यात हातभर जागेवर करून बघा आणि वाळल्यावर निर्णय घ्या. भिंतीच्या रंगातली लोहाची रंगद्रव्यं हायपोला सहसा दाद देत नाहीत, पण भडक रंगांतली काही सेंद्रिय रंगद्रव्यं उडतात.

खिडक्या तुमचा प्रांत, तरी तिथेच जपा. अॅल्युमिनियमच्या चौकटी, पितळी कड्या, जस्ताचा मुलामा, हायपो या सगळ्यांना खातो. चौकटी आधी ओल्या करा, काम चालू असताना धूत राहा, काचेवर थेंब वाळू देऊ नका. आणि काचेचा पंप, नळी, पोल यात हायपो घालू नका. पंपाची सीलं खराब होतातच, शिवाय पुढच्या घरच्या काचांवर त्याचा अंश जातो. भिंतीचं सामान वेगळं ठेवा. वाहून जाणारं पाणी कुठे जातं तेही बघा. पावसाची गटारं बहुतेक ठिकाणी थेट ओढ्या-नदीत जातात, आणि हायपो माशांचा काळ आहे.

क्लोरीन नको असेल तर बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी औषधं आहेत. ती सावकाश काम करतात, आठवडे लागतात, शेवाळ मरून पावसाबरोबर गळतं. घाई नसलेल्या गिऱ्हाइकाला चांगला पर्याय. पण जलचरांना तीही घातक.

उंचीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुमचं आयुष्य त्यात गेलंय. दोनच गोष्टी बोलतो. कार्बन फायबरच्या पोलमधून वीज वाहते. वरून तार जात असेल तर तिथे काम नाही, मग गिऱ्हाईक कितीही आग्रह करो. दुसरी गोष्ट वारा. काचेचं पाणी शेजारच्या गाडीवर उडालं तर माफी मागून पुसता येतं, हायपो उडाला तर गाडीचा रंग किंवा दोरीवरचे कपडे भरून द्यावे लागतात.

आता पैशाचं. काचांचा भाव खिडकीमागे लावायची आपल्याला सवय. भिंतीचा भाव नुसत्या चौरस मीटरवरही लावू नका. परांची लागेल का, खाली बाग आहे का, एकदा येऊन भागेल की दोनदा, हे सगळं त्यात धरा. लेखी द्या. आधीपासूनच्या भेगा, बद्द वाजणाऱ्या जागा, न निघणारे डाग फोटोसह नोंदवा आणि सही घ्या. आणि आपला विमा नीट वाचा. तिसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या बऱ्याच पॉलिसींमध्ये, ज्या वस्तूवर प्रत्यक्ष काम चाललंय तिचं नुकसान वगळलेलं असतं. शेजाऱ्याची गाडी विम्यात बसेल, पण गिऱ्हाइकाची भिंत बसणार नाही. भिंतीचं पहिलं काम घेण्याआधी विमा कंपनीला हे लेखी विचारा.

एका श्रोत्याने मघाशी चिठ्ठी पाठवली होती, की गिऱ्हाईक गॅरंटी मागतं तेव्हा काय सांगायचं. शेवाळ परत येणार नाही असं कधीही लिहून देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. झाडाची फांदी, पन्हळ, दव, यांवर तुमचा ताबा नाही. गॅरंटी कामाची द्या: ठरलेल्या भागावरचं जिवंत शेवाळ मारून देऊ, काही डाग उरले तर इतक्या दिवसांत एकदा येऊन पुन्हा फवारू. दगडफुलासारखे चिकट थर मेल्यावरही काही महिने भिंतीला धरून राहतात, हेही त्यात लिहा. आणि काचांसाठी तर तुम्ही त्या घरी पुन्हा जाणारच आहात. दर वेळी जाताना सिलच्या टोकांखाली बघा. तिथे हिरवी छटा दिसायला लागली की फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. तेव्हा पातळ मिश्रणाच्या एका हलक्या फवाऱ्यात आणि स्वच्छ धुण्यात काम होतं, पूर्ण भिंत धुवावी लागत नाही.