आधी गुडघा वाकला

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अपघातातून वाचलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एक वाक्य हमखास म्हणतो. "देवानं काहीतरी कारणानं वाचवलंय बघा तुम्हाला." चांगल्या मनानं म्हणतात, मीही पडल्या पडल्या हात जोडायचो. पण आज माईक हातात आलाय तर बोलून टाकतो, मला ते पटत नाही. 2022 साली आपल्या देशात रस्ते अपघातात 1,68,491 माणसं गेली. सरकारी आकडा आहे हा. मला कारणानं वाचवलं, तर ती माणसं काय बिनकामाची होती म्हणून नेली? त्यांच्या दारात जाऊन हे वाक्य म्हणायची हिंमत आहे कुणाची?

मी कशानं वाचलो ते मला ठाऊक आहे. गळिताचा हंगाम, रात्रीची वेळ. तासगावकडून मोटारसायकलवर येत होतो. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रेलर, मागच्या ट्रेलरला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरून आलेल्या गाडीच्या प्रकाशानं डोळे दिपले आणि पुढचं काही कळलंच नाही. डोकं शाबूत राहिलं ते हेल्मेटमुळं. मांडीचं हाड मात्र मोडलं. हे हाड मोडलं की बाहेर थेंबही न दिसता आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकतं.

ट्रॅक्टरवरची तोडकरी मंडळी खाली उतरली. त्यातल्या बीडकडच्या एका बाईनं मोळीतनं दोन जाड ऊस ओढले, कोयत्यानं माझ्या पायाच्या मापाचे तोडले, पायाच्या दोन्ही अंगांना लावले आणि नवऱ्याच्या डोक्याचं मुंडासं सोडून करकचून बांधले. "दादा, पाय हालवू नका, हाड आतून टोचंल," एवढंच म्हणाली. एका पोरानं 108 ला फोन लावला. मिरजेत डॉक्टरांनी तो उसाचा पाय बघितला आणि विचारलं, "कुणी बांधलंय? बरोबर बांधलंय." त्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही. गाडी कारखान्यावर पोचवायची होती, ती माणसं गेली. (जाता जाता सांगतो, 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आलंय. अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. तेव्हा 'पोलिसांचं झंगट नको' म्हणून गाडी पुढं काढू नका.)

आता तुम्ही म्हणाल, मग त्या खाटेवर आयुष्याचा अर्थ उमगला असेल. छे हो! खाटेवर चिडचिड उमगते. चहा गार का, पंखा मंद का, भेटायला आलेले माझ्यासमोर आपापल्या दुखण्यांच्या गप्पा का मारतात. मांडीत रॉड घातलेला, गुडघा लाकडासारखा ताठ. फिजिओथेरपीच्या ताई रोज यायच्या, कोनमापक लावायच्या. साठ अंशांवर गाडी अडली ती अडलीच. त्या टाच धरून हळूहळू मागं दाबायच्या, मी चादर मुठीत धरून ओरडायचो, आणि त्या शांतपणे म्हणायच्या, "ओरडा, पण पाय सैल सोडा." मला त्या काळात एकच स्वप्न पडायचं, मांडी घालून पंगतीत बसल्याचं.

1978 साली अमेरिकेत ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता. एकीकडं लॉटरी लागलेली माणसं, दुसरीकडं अपघातानं लुळी पडलेली माणसं. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, हे सगळे सांगतात. अपघातवाले इतरांपेक्षा कमी सुखी होते, पण लोकांना वाटतं तितके दुःखी नव्हते. मला त्यातली वेगळीच गोष्ट लागली. अपघातवाल्यांना आपला आधीचा काळ फार सुखाचा वाटत होता, इतरांना आपला भूतकाळ वाटतो त्याहून जास्त. अगदी माझंच चित्र! अपघाताआधी मी वसुलीसाठी दिवसभर उन्हात फिरून वैतागलेला माणूस होतो. पण खाटेवरून बघताना तीच वसुली मला सहल वाटायला लागली होती. माणूस खाटेवर नव्या दृष्टीनं बघत नाही, जुन्याला मुलामा देत बसतो.

मुलामा उतरला तो पाय हलायला लागल्यावर. आपल्या जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा. फौजेत बॉक्सिंग करणारा गडी. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. पोहायला लागले ते उपचार म्हणून. पदकाचा विचार नंतरचा. 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गला 50 मीटरमध्ये सुवर्ण, पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी लहानपणी सायकलवरून पडला आणि डावा हात कायमचा अधू झाला. 2024 ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत 16.32 मीटर, रौप्य. पडणं आणि पदक यांच्यामध्ये कितीतरी वर्षं गेली, त्या वर्षांचे फोटो कुणी काढत नाही. मी काही पदकवाला नाही. पण क्रम तोच, अंग आधी कामाला लागतं, डोकं मागनं येतं.

मला काय दिसायला लागलं म्हणाल, तर माणसं. दर हंगामात गावाबाहेर उसाच्या पाचटाची खोपटी पडतात, तिथं पहाटे चुली पेटतात. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जात होतो. आता तिथं गाडी थांबते. पोरांना खोकल्याचं औषध लागतं, कुणाचा कोयता पायावर बसलेला असतो, ड्रेसिंग कुठं होईल ते माहीत नसतं. फार मोठं काम नाही, चौकशीचं आहे.

आणि आम्ही काही जण हंगामात कारखान्याच्या गेटवर रांगेतल्या ट्रेलरांना रिफ्लेक्टरची पट्टी लावतो. मागची फळी आधी पुसून घ्यावी लागते, धुळीवर पट्टी धरत नाही. ड्रायव्हर सुरुवातीला विचारतात, "आरटीओचं हाईसा काय?" नाही म्हटलं की स्वतःच फडकं घेऊन पुसायला लागतात. कुणाला यायचं असेल तर कार्यक्रम संपल्यावर भेटा. पट्टी आमच्याकडं आहे, जुनी फडकी तेवढी घेऊन या.