डोंगरासाठी हातातला जीपीएस घ्यायचाय? आधी नागपूरच्या झिरो माईलला या

(कॅमेरा दगडावर, मग चेहऱ्यावर. मागे बर्डीची ट्रॅफिक.)

मागून हॉर्न ऐकू येऊन राहिले असतील तर सांभाळून घ्या. व्हिडिओ डोंगरातल्या जीपीएसचा आणि हा माणूस विधानभवनाजवळ उन्हात काऊन उभा आहे, असं वाटलं असंल, पण मुद्दामच आलोय. हा जो षटकोनी दगड दिसून राहिला ना, ही इंग्रजांच्या काळातल्या सर्वेची १९०७ सालची खूण आहे, आणि याच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, असं इथं लिहून ठेवलंय. मीटरमध्ये जवळजवळ ३११. भारताचा मध्यबिंदू हाच की नाही यावर पानठेल्यावर किती भांडायचं तितकं भांडा, मला आज फक्त या उंचीशी मतलब आहे.

आता हे पाहा. (डिव्हाइस कॅमेऱ्याजवळ.) माझा हातातला जीपीएस दाखवून राहिला ३१४. ठीक आहे, तीन मीटर इकडं तिकडं, चालतं. आणि हा फोन, त्यातलं एक फुकटचं ऍप, दाखवते २५१. साठ मीटर खाली! म्हणजे आपण काय विहिरीत उभे आहोत का? फोन खराब नाही बरं. सॅटेलाइटवरून जी उंची निघते ती पृथ्वीला एक गुळगुळीत चपटा गोळा मानून निघते, आणि खरी समुद्रसपाटी त्या गोळ्याशी सगळीकडं जुळत नाही, आपल्या भागात हा फरक साठेक मीटरचा आहे. हातातलं यंत्र तो हिशोब आतल्या आत करून देतं, काही ऍप करतात, काही करत नाहीत. तुमचं कोणत्या जातीचं आहे हे डोंगरावर कळून काय फायदा, इथं येऊन पाहून घ्या, तिकीट नाही.

बरं, मुद्द्यावर. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, दादा फोन असताना हे वेगळं यंत्र कशाला? खरं सांगू? रामटेक, गाविलगड, चौरागडच्या पायऱ्या, एवढंच करत असाल तर नका घेऊ. फोनमध्ये ऑफलाइन मॅप उतरवा, एअरप्लेन मोड टाका, जीपीएस तरी चालतो. कारण जीपीएसला सिम लागत नाही, नेट लागत नाही, २०,२०० किलोमीटर वरून फिरणाऱ्या सॅटेलाइटचा सिग्नल तो नुसता ऐकतो, चार सापडले की जागा आणि उंची काढतो. मग जंगलात गेल्यावर "फोनचा जीपीएस बंद पडला" असं लोक काऊन म्हणतात? तर सॅटेलाइट कुठं आहेत याचं टाइमटेबल फोन नेटवरून पटकन उचलतो, आणि नेट नसलं की ते त्याला आकाशातूनच घ्यावं लागतं, त्याला मोकळ्या आकाशाखाली अर्धा मिनिट तरी लागतो, कधी कितीतरी जास्त. आपण दहा सेकंद पाहतो, शिव्या देतो आणि खिशात टाकतो.

हातातलं यंत्र कामाचं कधी, तर दोन-तीन दिवसांचा ट्रेक असंल, पाऊस असंल, बर्फ असंल. पचमढीजवळच्या नागद्वारला श्रावणात जाणाऱ्या मंडळींना विचारा, ओल्या बोटांनी टचस्क्रीन कसा चालतो ते. म्हणून माझं मत, बटनवालं घ्या. दिसायला जुनं वाटते, २००५ सालच्या मोबाईलसारखं, पण हातमोजे घालून, पावसात, अंधारात, न पाहता चालवता येतं. दुसरं म्हणजे स्क्रीन. फोनचा स्क्रीन उन्हात आपला चेहरा दाखवतो, याचा स्क्रीन ऊन जितकं कडक तितका स्वच्छ दिसतो, कारण तो उन्हाचाच उजेड परत फेकतो. आपल्या मे महिन्यात फोन तापून स्वतःच बंद पडतो, हे कोणाला सांगायला नको.

आणि सेल. हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्स, ३२एक्समध्ये दोन पेन्सिल सेल लागतात आणि कंपनी २५ तास चालतं म्हणते. ईट्रेक्स एसई म्हणून आहे, नकाशा नाही, काळा-पांढरा स्क्रीन, पण १६८ तास. जीपीएसमॅप ६५एसमध्ये दोन फ्रिक्वेन्सी, म्हणजे सॅटेलाइटचा सिग्नल तो दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकतो, रिसेप्शन भारी, पण १६ तास. तुम्ही रोज आठ तास चालणार असाल तर हिशोब तुम्हीच करा. किमती सांगत नाही, तुम्ही पाहाल तोवर बदलल्या असतील. पेन्सिल सेलची मजा ही की हिमालयातल्या शेवटच्या गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. थंडीत मात्र साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, तिथं लिथियमचे न्या, आणि सेल बदलले की सेटिंगमध्ये सेलचा प्रकारही बदला, नाहीतर बॅटरीची कांडी अर्धी दिसते आणि यंत्र अचानक बंद. आणि घरी आल्यावर सेल काढून ठेवा बाप्पा. माझं पहिलं यंत्र मी अख्खा पावसाळा सेलसकट कपाटात ठेवलं, उघडलं तर आत पांढरी पावडर, स्प्रिंग गंजलेली. दोष कोणाचा, माझाच.

२२एक्स आणि ३२एक्समध्ये फरक काय हेही विचारतात. ३२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर आहे. होकायंत्र नसलेलं यंत्र तुम्ही चालत असाल तेव्हाच दिशा सांगतं, उभं राहिलात की त्यालाही कळत नाही तोंड कुठं आहे. धुक्यात माणूस उभाच राहतो ना, म्हणून मला ते पाहिजेच. बॅरोमीटरचं असं की हवामान बदललं तर जागेवर बसल्या बसल्या उंची बदलते, दाब एक मिलिबार पडला की साधारण आठ मीटर चढल्यासारखं दाखवतं. रात्री तंबूत झोपलात आणि सकाळी चाळीस मीटर वर उठलात, तर घाबरू नका, पण आकाश पाहा, दाब पडलाय. उंची माहीत असलेल्या जागी, जसा हा दगड, त्याला खरी उंची सांगून सेट करायचं.

आता माझी फजिती. पचमढीला धूपगडच्या बाजूला आम्ही चौघं. धूपगड सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, १३५० मीटर. आमच्या ओळखीच्या एका दादानं आदल्या रात्री झऱ्याचा पॉइंट व्हॉट्सऍपवर पाठवला, अक्षांश लिहिला होता २२ २७.३५०, म्हणजे बावीस अंश आणि सत्तावीस पूर्णांक पस्तीस मिनिटं. माझ्या यंत्रात फॉरमॅट होता नुसत्या अंशांचा. मी काय केलं, हुशारीनं टाकलं २२.२७३५०. एका अंशात साठ मिनिटं असतात हे शाळेत शिकवलं होतं, पण तिथं आठवते कोणाला! यंत्र म्हणते झरा वीस किलोमीटर दक्षिणेला. आम्ही धूपगडच्या वाटेवर आणि आमचा झरा पार छिंदवाड्याकडच्या जंगलात. खूप हसलो, पण नंतर वाटलं, वीस किलोमीटरची चूक होती म्हणून डोळ्यांना दिसली, दीडशे मीटरची असती तर आम्ही मुकाट्यानं चालत गेलो असतो.

आणि दीडशे मीटरची चूक होते बरं का. अक्षांश-रेखांश कोणत्या पायावरून मोजायचे, त्या पायाला म्हणतात डेटम. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे डोंगर-नाले दाखवणारे सरकारी नकाशे, एव्हरेस्ट नावाच्या डेटमवर काढलेल्या आहेत, जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस ८४ नावाच्या दुसऱ्या डेटमवर. जुन्या शीटवरून आकडे वाचून यंत्रात टाकले आणि डेटम बदलला नाही, तर आपल्या भागात पॉइंट शे-दीडशे मीटर सरकतो. मैदानात काही नाही, पण कड्याच्या काठावर शे-दीडशे मीटर म्हणजे काय ते समजून घ्या. सर्वे ऑफ इंडियाचे नवीन ओपन सिरीज नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, शक्यतो तेच वापरा. आणि पॉइंट कोणाला पाठवताना फॉरमॅट आणि डेटम दोन्ही लिहून पाठवा.

पातालकोटचा ट्रॅक, म्हणजे मी चाललो त्या वाटेची यंत्रानं नोंदलेली रेघ, दाखवतो. (स्क्रीनवर ट्रॅक.) तामियाजवळ, छिंदवाडा जिल्हा, चारी बाजूंनी कडे आणि मधात दरीत गावं. वरच्या पठारावर माझी रेघ कशी सरळ चाललीय पाहा, आणि दरीत उतरल्यावर? दारू पिऊन चालल्यासारखी. मी पायवाटेवरच होतो. सिग्नल सरळ न येता कड्यावर आदळून येतो, त्याला वेळ जास्त लागतो, यंत्राला वाटते आपण दुसरीकडं आहोत. एका ठिकाणी तर त्यानं मला कड्याच्या आतच नेऊन ठेवलं. दोन फ्रिक्वेन्सीवालं यंत्र इथं खरंच वरचढ ठरतं. तुमच्याकडं साधं असंल तर दरीत एकाच आकड्यावर भरवसा ठेवू नका, थोडं मोकळ्यात या, मिनिटभर उभे राहा, आकडा स्थिर होऊ द्या. यंत्र धरायचीही पद्धत आहे, वर काडीसारखा अँटेना असंल तर उभं धरा, नसंल तर आडवं, तोंड आकाशाकडं. कमरेला लटकवून वर जॅकेट घातलं तर त्यानं तरी काय करावं?

आणि तो बाण! नवीन माणूस एखादा पॉइंट निवडून "गो टू" दाबतो, बाण येतो, खाली अंतर ३०० मीटर. बाण सरळ रेषेत दाखवते भाऊ, मधात दरी आहे की नाला आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. मी तर "गो टू" फार कमी वापरतो. माझं खरं काम ट्रॅकवर चालते, निघतानाच रेकॉर्डिंग सुरू, गाडी लावली तिथं एक पॉइंट, वाट फुटली तिथं एक, नाला ओलांडला तिथं एक, आणि धुकं आलं की आलो त्याच रेघेवरून मागं. त्या पॉइंटला नाव द्या हं, ००१, ००२, ००३ असे बावीस पॉइंट झाले की कोणता नाला आणि कोणती गाडी हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

एक गोष्ट कायद्याची. साधा जीपीएस फक्त ऐकतो, बोलत नाही, अडकलात तर तो कोणाला बोलावणार नाही. बाहेरच्या देशातले व्हिडिओ पाहून सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी, एसओएसचं बटन असलेली यंत्रं मागवू नका. भारतात परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर अशा यंत्रांपायी परदेशी पाहुण्यांना पोलिसांनी थांबवलेलं आहे. घरी वाट आणि परतीची वेळ लिहून देऊन जा, रेंजमध्ये असाल तर ११२.

आता हे कुठं शिकायचं? सेमिनरी हिल्सवर, रविवारी सकाळी. मित्राला सांगा झाडाखाली एक पॉइंट घे आणि मला फक्त आकडे पाठव, नाव नाही, फोटो नाही. तुम्ही ते हातानं टाकून तिथं जाऊन दाखवा. मग ट्रॅक सुरू करून तासभर फिरा आणि स्क्रीनवरच्या रेघेवरूनच परत या, रस्त्याच्या पाट्या पाहायच्या नाहीत. पहिल्या वेळेस मी मित्राच्या झाडापासून नऊ मीटरवर उभा होतो आणि तो मागून हाका मारून राहिला होता.

चला, इथला वॉचमन मघापासून पाहून राहिला, आता येऊन विचारंल. तुम्ही या दगडाजवळ आलात तर तुमचा फोन किंवा यंत्र किती उंची दाखवते ते मॉडेलच्या नावासकट कमेंटमध्ये टाका. २५१ वाले किती निघतात पाहू.