प्रिंटर समोर आहे, पत्ता हरवला आहे

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या सीईटीच्या आदल्या रात्री, साडेनऊच्या सुमारास, मेहुण्यांचा फोन आला. प्रवेशपत्र छापायचे होते. प्रिंटरचा दिवा लागलेला होता, ट्रेमध्ये कागद होता, शाईच्या चारही टाक्या भरलेल्या होत्या, आणि तरीही लॅपटॉप ‘प्रिंटर ऑफलाइन’ एवढेच सांगत होता. कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान तोवर बंद झाले होते. मी पोचलो तेव्हा लॅपटॉपच्या यादीत त्या एकाच प्रिंटरची तीन नावे दिसली: मूळ नाव, त्याखाली तेच नाव ‘कॉपी १’ असे, आणि त्याखाली ‘कॉपी २’. जोडणी तुटली की घरातले कोणीतरी प्रिंटर नव्याने जोडून घेत असे आणि जुने नाव काढायचे राहून जात असे. त्या रात्री प्रवेशपत्र जात होते ते पहिल्या नावाकडे, म्हणजे ज्या पत्त्यावरून प्रिंटरने केव्हाच मुक्काम हलवला होता त्या पत्त्याकडे.

वायफायवर चालणारा प्रिंटर घरी बसवायचा असेल, तर ही पत्त्याची गोष्ट आधी समजून घेतलेली बरी. फोन आणि प्रिंटर एकमेकांपासून हातभर अंतरावर असले तरी छापायचा मजकूर एरवी फोनमधून आधी राउटरकडे जातो आणि तिथून प्रिंटरकडे येतो. राउटर हा चाळीच्या मालकासारखा असतो. जे यंत्र दारात येईल त्याला तो एक खोली, म्हणजे आकड्यांचा एक पत्ता, ठरावीक मुदतीसाठी देतो. तांत्रिक भाषेतही या मुदतीला ‘लीज’, म्हणजे भाडेकरारच म्हणतात. मुदत संपली, किंवा वीज जाऊन सगळी यंत्रे पुन्हा दारात उभी राहिली, की कालची खोली आज दुसऱ्याला मिळू शकते. बिघडला म्हणून ज्याच्यावर राग निघतो तो प्रिंटर बहुधा धडधाकट असतो.

आता सुरुवातीपासून पाहू. खोक्यातून काढलेल्या प्रिंटरच्या आतल्या सगळ्या चिकटपट्ट्या निघाल्या आहेत ना, हे झाकण उघडून एकदा पाहावे. शाई ओतण्याचा प्रिंटर असेल तर पहिल्या खेपेला शाई नळ्यांमधून प्रिंटरच्या छापणाऱ्या डोक्यापर्यंत खेचली जायला बरीच मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात वीज जाता कामा नये; तुमच्याकडे भारनियमनाची वेळ ठरलेली असेल तर ती टाळून हे काम करावे. नळ्या भरण्यात पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई खर्च होते, त्यामुळे टाकीतली पातळी पहिल्याच दिवशी खाली गेली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.

यानंतरची अडचण मात्र अशी आहे की ती मी अनेक घरांत पाहिली आहे, आणि तिच्यात चांगली शिकलेली माणसेही अडकतात. आजकालचे बहुतेक राउटर दोन लहरींवर बोलतात: एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिली तुलनेने संथ असली तरी भिंतींतून बऱ्यापैकी पार जाते. दुसरी वेगवान, पण दोन भिंती मध्ये आल्या की दमते. घरगुती वापराच्या पुष्कळशा प्रिंटरना फक्त पहिली लहर ऐकू येते. वायफायच्या यादीत एकाच घराची दोन नावे दिसतात आणि त्यांतल्या एकाच्या शेपटीला ‘५जी’ असे लिहिलेले असते. हे मोबाइलवाले फाइव्ह-जी नव्हे. ही फक्त ५ गिगाहर्ट्झची खूण आहे. पण नाव भारदस्त दिसते, वेगही जास्त, म्हणून सगळे फोन त्या नावाला जोडलेले असतात, आणि प्रिंटर बसवताना कंपनीचे ॲप फोनचेच वायफाय प्रिंटरला देऊ पाहते. प्रिंटरला ते नाव दिसतच नाही, ॲप गोल गोल फिरत राहते, आणि पासवर्ड चुकला असे समजून माणूस तोच पासवर्ड पाचव्यांदा टाकतो. अशा वेळी फोन आधी साध्या, शेपटी नसलेल्या नावाला जोडावा आणि मग ॲप उघडावे. एकदा प्रिंटर जोडला गेला की फोन परत वेगवान नावावर नेला तरी चालते, कारण दोन्ही नावे एकाच राउटरची, म्हणजे एकाच चाळीची आहेत. पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले ‘गेस्ट’ नाव मात्र या चाळीत मोडत नाही. तिथल्या यंत्रांना घरातली बाकीची यंत्रे दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

ॲप आणखी दोन ठिकाणी अडते. जोडणीच्या वेळी प्रिंटर स्वतःचे एक तात्पुरते वायफाय सोडतो आणि फोनला थोडा वेळ त्याला जोडून घेतो. त्या वायफायवर इंटरनेट नसते, हे फोनच्या लक्षात येते आणि तो परस्पर मोबाइल डेटावर उडी मारतो, की जोडणी अर्ध्यावर राहिली. म्हणून तेवढी पाच-दहा मिनिटे मोबाइल डेटा बंद ठेवावा. दुसरे म्हणजे, अँड्रॉइड फोनवर हे ॲप तुमच्या ठिकाणाची परवानगी मागते. प्रिंटरला माझ्या ठिकाणाशी काय देणेघेणे, असा प्रश्न माझ्या बहिणीने विचारला होता, आणि तो रास्तच आहे. आसपासच्या वायफायच्या नावांवरून माणूस कुठे आहे ते कळू शकते, म्हणून ती नावे शोधू देण्याआधी फोन ही परवानगी घ्यायला लावतो. जोडणीपुरती ती द्यावी आणि नंतर काढून घ्यावी.

ॲप नको असेल तर राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ असे लिहिलेले बटण आहे का ते पाहावे. ते दाबल्यापासून दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचे वायफायचे बटण, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, दाबून धरले की दोघांची ओळख पासवर्डशिवाय होते. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की काम झाले असे समजावे. याच सोयीचा दुसरा प्रकार आठ आकडी पिनचा आहे, आणि तो मात्र राउटरमधून बंदच करून ठेवावा. २०११ मध्ये असे उघडकीस आले की राउटर ही पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा असतो, त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते. बटणाला हा धोका नाही, कारण ते दाबायला कोणाला तरी तुमच्या घरात यावे लागते.

फोनवरून छापण्यासाठी आता सहसा वेगळे काही बसवावे लागत नाही. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले, आणि अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्येही छपाईची सोय अंगचीच असते. यूट्यूबवरच्या जुन्या चित्रफिती पाहून गूगल क्लाउड प्रिंट शोधत बसू नये. ती सेवा २०२० च्या डिसेंबरअखेर बंद झाली. आणि लॅपटॉप कार्यालयाचा असेल, त्यावर व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणारा खासगी मार्ग, चालू असेल, तर तो घरातल्या प्रिंटरला ओळख देईलच असे नाही. छापताना व्हीपीएन बंद करणे कार्यालयाच्या नियमात बसत नसेल, तर ती फाइल फोनवर घेऊनच छापावी.

आता पुन्हा पत्त्याकडे येतो. जवळजवळ प्रत्येक प्रिंटर स्वतःच्या जोडणीचा अहवाल कागदावर छापून देतो. कोणते बटण किती वेळ धरायचे ते पुस्तिकेत असते. त्या कागदावर आयपी ॲड्रेस या शब्दांपुढे चार गटांतला एक आकडा असतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर राउटरने खोली दिली आहे असे साधारणपणे समजावे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरने दारावर थाप मारली, आतून ओ मिळाली नाही, आणि त्याने अंगणातच पथारी पसरली. वीज परत आल्यावर हे हमखास होते, कारण राउटर पूर्ण जागा व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो आणि प्रिंटर त्याच्या आधीच तयार होऊन बसतो. राउटरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मग प्रिंटर एकदा बंद करून चालू करावा.

कायमचा उपाय राउटरमध्येच आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून, जो बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असतो, आत गेले की डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर ‘रिझर्वेशन’ किंवा तशाच अर्थाचा पर्याय सापडतो. अहवालाच्या कागदावर प्रिंटरची बारा अक्षर-आकड्यांची जन्मखूण, म्हणजे मॅक ॲड्रेस, छापलेली असते. ती तिथे लिहून तिच्यापुढे एक पत्ता राखून ठेवला की ती खोली दुसऱ्या कोणाला मिळत नाही. त्यानंतर लॅपटॉपमधली त्या प्रिंटरची सगळी जुनी नावे काढून टाकावीत आणि तो राखलेल्या पत्त्यानिशी एकदाच नव्याने जोडावा.

त्या रात्री आम्ही हेच केले, आणि साडेदहाच्या आत प्रवेशपत्राच्या दोन प्रती निघाल्या. पावसाळी हवेने कागद किंचित वळला होता, म्हणून बहिणीने त्या प्रती जाड वहीत दाबून ठेवल्या. अहवालाचा कागद मी प्रिंटरच्या पाठीला चिकटवला आणि त्यावर राखून ठेवलेला पत्ता ठळक अक्षरांत लिहिला. परवा मेहुण्यांनी राउटर बदलला, तेव्हा त्यांनी मला फोन केला नाही. कागदावरची जन्मखूण पाहून पत्ता त्यांनी स्वतःच राखून घेतला. नमस्कार.