पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांची वार्षिक परीक्षा संपली किंवा दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, की माझा फोन वाजू लागतो. "ताई, लॅबचं पिल्लू हवंय, केवढ्याला पडेल?" गेली वीस वर्षे कोथरूडच्या घरात मी लॅब्रॅडोर कुत्री सांभाळते आहे आणि त्यांची मोजकी वेतेही वाढवली आहेत, म्हणून लोक मला विचारतात. पहिला प्रश्न किमतीचा असतो, दुसरा रंगाचा आणि तिसरा 'पेपर आहेत का' हा, म्हणजे वंशाच्या कागदपत्रांचा. पिल्लाची आई कुठे आहे, कशी आहे, हे फार थोडे जण विचारतात. आज मी बोलणार आहे ते या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी.

माझ्याकडूनही तो राहून गेला होता. आमचे पहिले पिल्लू आम्ही एका विक्रेत्याकडून रस्त्याच्या कडेला, त्याच्या गाडीतल्या खोक्यातून उचलले. दोन महिन्यांचे आहे, लस झाली आहे, असे त्याने सांगितले आणि आम्ही विश्वास ठेवला. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण लागली. डॉक्टरांनी तोंड उघडून पुरते न आलेले दात पाहिले आणि पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचे असल्याचे सांगितले. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराने ते तीन दिवसांत गेले. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता; पिल्लाची स्टीलची वाटी त्याने धुऊन पुन्हा जागेवर ठेवली आणि ती तिथून उचलायला आम्हांला बरेच दिवस लागले.

आईपासून पिल्लू आठ आठवड्यांच्या आत तोडू नये, हा काही हौशी लोकांचा आग्रह नाही. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी नियम केले. त्यांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादी अठरा महिन्यांची होण्याआधी तिची जोडी जुळवता येत नाही, बारा महिन्यांत तिचे एकाहून अधिक वेत घेता येत नाही आणि साऱ्या आयुष्यात पाचांहून अधिक नाही. माझ्या मते पाच वेतेही पुष्कळ झाली. मी तिसऱ्यापुढे जात नाही.

या आठ आठवड्यांत काय घडते, ते जवळून पाहिल्यावर नियमामागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. दिवस भरत आले की मी सकाळ-संध्याकाळ तिचे तापमान घेते. ते ९९ अंश फॅरेनहाइटच्या खाली उतरले, की बहुधा चोवीस तासांत पिल्ले येतात. नवजात पिल्लांचे डोळे आणि कान मिटलेले असतात आणि अंगाची ऊब त्यांना स्वतः राखता येत नाही, म्हणून डिसेंबरच्या पुण्यातल्या रात्री पेटीच्या एका कोपऱ्यावर दिवा टांगावा लागतो. प्रत्येकाच्या गळ्यात मी वेगळ्या रंगाचा लोकरीचा सैल धागा बांधते आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करून वहीत लिहिते. हिरव्या धाग्याचे वजन दोन दिवस तेवढेच राहिले, तर त्याला आईच्या मागच्या, अधिक दुधाच्या आचळाशी नेऊन लावायचे. पाचव्या आठवड्यापासून भावंडांत दंगामस्ती सुरू होते. एखादे जोरात चावले, की दुसरे केकाटून खेळ सोडते आणि आईही गुरगुरून बजावते. किती जोराने चावायचे नाही, हे पिल्लू तिथे शिकते. पाचव्या आठवड्यात विकलेल्या पिल्लाची ही शाळा सुरू होते न होते तोच सुटते, आणि मग 'आमचा कुत्रा मुलांना चावतो' अशी तक्रार घेऊन तीच माणसे प्रशिक्षकाकडे जातात.

आता पेपरविषयी. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र पिल्लाच्या आईवडिलांची आणि पूर्वजांची नावे सांगते. ते वंशाचे प्रमाण आहे, प्रकृतीचे नाही. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष पिढीजात उतरतो. पूर्ण वाढ झालेल्या नर-मादीचे एक्स-रे काढल्याशिवाय तो कळत नाही, कारण तरुणपणी असा कुत्रा मजेत धावतही असतो. दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजार तर याहून फसवा आहे. दोन्ही पालक नुसते वाहक असतील, तर त्यांची नजर शाबूत असते, पण त्यांच्या प्रत्येक पिल्लाला तो आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. त्यासाठी रक्ताची किंवा लाळेची जनुकीय तपासणी करता येते. माझ्या एका देखण्या, शांत मादीच्या खुब्यांचा एक्स-रे वाईट आला, तेव्हा मी तिची नसबंदी केली. ती तेरा वर्षे आमच्या घरात राहिली आणि तिचे एकही वेत झाले नाही. ब्रीडरकडे, म्हणजे पैदास करणाऱ्याकडे, हे अहवाल मागण्यात संकोच बाळगू नका. ज्याने तपासण्या केल्या आहेत, तो ते आपणहून दाखवतो.

काही जातींत तर ज्या रूपावर आपण भाळतो, तेच दुखणे असते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो. पगचे नाक चपटे करत नेल्यामुळे नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग तोंडाच्या मानाने लांब झाला आहे. त्याचे घोरणे गोड वाटते, पण तो श्वासाशी झगडत असतो. बर्फातल्या कामासाठी दुहेरी केसांचा झालेला हस्की एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकलेला असताना, पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठेवणे मला तरी मान्य नाही. आपल्याच मातीत, धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या सोबतीने, सडपातळ बांध्याचा आणि लांब पल्ल्याने धावणारा कारवानी कुत्रा तयार झाला आहे. ऊन त्याला सोसते. मात्र त्याला धावायला मोकळी जागा लागते, हेही तितकेच खरे.

"आमच्याकडे नर आहे, तुमच्या मादीशी एकदा जुळवू या, तेवढीच त्याची हौस," असेही पुष्कळदा सांगितले जाते. कुत्र्याला बाप होण्याची हौस नसते, ती आपली असते. एका वेतात सात-आठ पिल्ले होतात, आणि त्या सातआठांना पुढची बारा-तेरा वर्षे घर मिळेल की नाही, याचा विचार जोडी जुळवण्याआधी करायचा असतो. घर न मिळालेली किंवा नकोशी झालेली जातिवंत कुत्री मी टेकडीच्या पायथ्याशी, गळ्यात पट्टा असलेली, येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे धावताना पाहिली आहेत. प्राणी सोडून देणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, परंतु पहिल्या गुन्ह्याला त्यात दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. ही रक्कम ऐकून मला आजही संताप येतो.

पिल्लू घरी आले, की ते तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा, आणि महानगरपालिकेचा परवाना, एवढे तर करायलाच हवे.

गेल्या वर्षी सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक पिल्लू मागायला आले. वय बहात्तर, घरी एकटे. मी नाही म्हटले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मग मी त्यांना आतल्या खोलीत नेऊन मैना या माझ्या सात वर्षांच्या कुत्रीपाशी बसवले. तिची तीन वेते झाली होती, नसबंदी झाली होती आणि माझ्या बाकीच्या कुत्र्यांच्या गलबल्यात तिला स्वतःचे माणूस मिळत नव्हते. तिने सरांचा हात हुंगला आणि पायाशी अंग टाकले. सर आता दर रविवारी सकाळी फोन करतात आणि मैना आठवड्यात काय काय जेवली, ते सविस्तर सांगतात.

नमस्कार.